बापूजी संत्रा भांडारच्या बोर्डाचा उजवा कोपरा

पोलीस ठाणे, नागपूर शहर
दिनांक ६ एप्रिल १९७३

नाव: प्रेमिला देवराव सोमकुवर
वय: अंदाजे चौतीस वर्षे
धर्म: बौद्ध
शिक्षण: सातवी पास
धंदा: घरकाम
राहणार: इंदोरा, नागपूर

मला आज ठाण्यात बोलावून विचारण्यात आले, त्यावरून मी माझ्या तोंडाने हकिकत सांगते ती अशी की, मी वरील ठिकाणी पती देवराव यांच्यासह राहते. घराच्या पुढल्या खोलीत आमचे दुकानांचे बोर्ड रंगवण्याचे काम चालते. 'सोमकुवर पेंटर' म्हटले की इंदोऱ्यापासून इतवारीपर्यंत लोक ओळखतात. रंगवण्याचे काम पती करतात. गिऱ्हाइकाशी बोलण्याचे काम माझ्याकडे आहे, कारण पती फार बोलत नाहीत. गिऱ्हाईक म्हणाले, "हा लाल जरा कमी लाल करा," की ते ब्रश ठेवतात आणि बाहेर कडुलिंबाखाली जाऊन उभे राहतात. मग पुढचे मी पाहते.

गिऱ्हाईक पाहणे म्हणजे नेमके काय, असे हवालदारसाहेबांनी विचारल्यावरून सांगते की, बोर्ड करायला येणाऱ्या माणसाला आपल्याला काय हवे ते ठाऊक नसते. काय नको ते मात्र पक्के ठाऊक असते, आणि तेही बोर्ड रंगवून झाल्यावर. आमच्याकडे एक डॉक्टर आले होते. त्यांना पदवी नावापेक्षा मोठी हवी होती, नंतर नाव पदवीपेक्षा मोठे, नंतर दोन्ही मोठी. पत्रा तर तेवढाच. अशा वेळी मी नाही म्हणत नाही. "करून पाहू," म्हणते आणि चहा ठेवते. दुसरे असे की, बोर्ड सांगायला येतो एक आणि पास करतो दुसरा. कोणाची बायको, कोणाचा मोठा भाऊ, कोणाचा सासरा. त्या दुसऱ्याला आधीच बोलावून घ्यावे लागते, नाहीतर नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने. विषयाला धरून सांगा, असे हवालदारसाहेबांनी म्हटले आहे. मी विषयाला धरूनच सांगत आहे.

फिर्यादी रुपराव घाटोळे हे काटोलचे संत्र्याचे व्यापारी असून त्यांच्या स्वतःच्या बागा आहेत. नागपुरात महाल भागात भाड्याने जागा घेऊन संत्राबर्फी आणि ताज्या रसाचे दुकान पाडव्याला उघडायचे, असे त्यांनी ठरवले होते. होळीच्या आधी ते आमच्याकडे आले. दुकानाला काकांचे नाव द्यायचे होते. काका म्हणजे बापूजी घाटोळे, घरातले कर्ते. 'बापूजी संत्रा भांडार' अशी अक्षरे आणि डाव्या बाजूला मोठा संत्रा, असा बोर्ड ठरला. मोबदला त्यांनी कबुलीप्रमाणे चुकता केलेला आहे व त्याबद्दल आमची काही तक्रार नाही.

आमच्याकडे येणारी काही गिऱ्हाइके चहाला "आत्ताच घेऊन आलो" म्हणतात. पाणीसुद्धा आत्ताच पिऊन आलेले असतात. उन्हातून सायकल मारत आलेला, ओठ सुकलेला माणूस असे म्हणाला की मी समजते आणि कप आत नेते. रुपरावांनी पहिल्या दिवशीच कप घेतला, बशीत ओतून प्याले आणि म्हणाले, "वयनी, साखर कमी झाली जी." चहातही खोड काढणारा हा माणूस मला तेव्हाच आवडला. मी पतीला म्हटले, हा छळणार, पण माणूस चांगला आहे.

पहिला संत्रा पाहून ते म्हणाले, "हा संत्रा नाही देवरावजी, हे मोसंबं होय. आमच्या काटोलचा माणूस पाहीन तं हासन." पती उठून लिंबाखाली गेले. मी विचारले, फरक काय? त्यांनी पिशवीतून दोन संत्री काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "साल पाहा. सैल आहे का नाही? बोट लावल्याबरोबर सुटली पाह्यजे. तुमच्या संत्र्याची साल सोलाले विळा लागन." त्यांचे म्हणणे खरे होते. पतीने खिडकीतून ऐकले असावे. ते आत आले आणि सगळा संत्रा खरवडून टाकला.

दुसऱ्या खेपेला देठाशी हिरवी झाक नाही म्हणून नापास. तिसऱ्या खेपेला साल बरी झाली, पण पाने आंब्याची आहेत म्हणून नापास. दर खेपेला ते बसने काटोलहून येत आणि नमुन्याला संत्री आणत. आम्ही ती खिळ्याला टांगून ठेवत होतो आणि पती त्यांच्यासमोर बसून राहत. काही सडली, बाकीची मी खाल्ली. मधेच त्यांच्या पत्नीने सुचवले म्हणून बाजूला सोललेला संत्रा काढला. पुढल्या खेपेला तो पुसायला सांगितला. "काकाजी म्हणते, सोललेला संत्रा उष्टा दिसते," असे ते म्हणाले. चित्रातला संत्रा उष्टा कसा होतो, यावर मी आणि पती त्या दिवशी जेवताना पुष्कळ हसलो होतो. आता ते आठवले की हसू येत नाही.

त्याच वेळी मी रुपरावांना म्हटले होते, "तुमच्या काकाजींना एकदा घेऊनच या ना. त्यांच्या डोळ्यांसमोर पास झालं म्हणजे मिटलं." ते म्हणाले, "काकाजी इकडं येत नाही, वयनी." मी विचारले, तब्येत बरी नसते का? ते म्हणाले, "तब्येत ठीक आहे," आणि बशी खाली ठेवली. मी पुढे विचारले नाही.

आता नावाबद्दल सांगते, कारण सगळे घोडे तिथेच अडले आहे. बोर्ड रंगवून झाला की उजव्या खालच्या कोपऱ्यात पेंटर आपले नाव टाकतो. हे नागपूरचे सगळे पेंटर करतात. पण आमच्याकडे, म्हणजे पतीच्या उस्तादांपासून, रीत अशी आहे की नाव घरी टाकायचे नाही. बोर्ड दुकानावर चढला, गिऱ्हाइकाने खालून पाहून हो म्हटले, की शिडीवर चढून बारीक ब्रशने नाव टाकायचे. नाव पडले म्हणजे बोर्ड पुरा. त्यानंतर गिऱ्हाइकाने बदल सांगायचा नाही आणि आम्ही बोर्डाला हात लावायचा नाही. नाव पडेपर्यंत बोर्ड आमचा, मग तो कुठेही टांगलेला असो. कितीदा चढवलेला बोर्ड उतरवून घरी आणून दुरुस्त केला आहे. कोणी चोरी म्हटले नाही.

ही रीत रुपरावांना पहिल्या दिवशी सांगितली होती. त्यांनी ती पुरती ध्यानात ठेवली होती, कारण बोर्ड घरातच असतानाही ते दर खेपेला म्हणत, "नाव टाकू नका हं अजून. मले अजून एक डाव पाहू द्या." म्हणून आपल्याला रीत माहीत नव्हती, असे त्यांनी फिर्यादीत म्हटले असल्यास ते खोटे आहे.

पाडव्याच्या सकाळी बोर्ड चढवला. त्या दुकानाच्या शेजारचे सायकल दुकानवाले आनंदराव यांनी शिडी धरली होती. रुपराव रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. पती वर शिडीवर, मी खाली, आणि आम्ही दोघेही आता काय निघते याची वाट पाहत होतो. मग ते रस्ता ओलांडून आले. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "देवरावजी, हा आमच्या वावरातलाच संत्रा होय. टाका आता नाव. माह्यं काही म्हणणं नाही राहिलं." पतीने नाव टाकले: सोमकुवर पेंटर, इंदोरा. आनंदराव याला साक्षीदार आहेत. रुपरावांनी आम्हा दोघांना संध्याकाळी बर्फी खायला यायचे आग्रहाने सांगितले.

संध्याकाळी मी ठेवणीतले लुगडे नेसून पतीसह गेले. दुकानाला तोरण होते, गर्दी होती. आम्ही सवयीने आधी बोर्डाकडे पाहिले. उजवा कोपरा पिवळा होता. तशी बोर्डाची जमीन, म्हणजे अक्षरांमागचा रंग, पिवळाच आहे, पण हा पिवळा निराळा होता, बाजारातल्या डब्यातून काढून तसाच फासलेला. ब्रशचे फटकारे दिसत होते आणि एक ओघळ खाली बोर्डाच्या कडेपर्यंत आला होता. आमचे नाव त्याच्याखाली गेले होते.

पतीने रुपरावांना बाजूला बोलावून विचारले, "कोपऱ्यात काही बदल राहिला होता का?" रुपराव खाली पाहत म्हणाले, "खायची वस्तू आहे न देवरावजी. लोकं वर पायतात, नाव वाचतात, मंग इचारतात. काकाजी म्हणे..." आणि थांबले. आतून गल्ल्यावरून बापूजींचा आवाज आला, "पुसलं तं काय झालं? पैसे तं देल्ले न." दुकानात माणसे होती, त्यांनी ऐकले. माझ्या हातात बर्फीची बशी होती. ती मी तिथल्या पाटावर ठेवली. बशीला हात कोणाचा लागला, याची काळजी आता त्यांनी करावी.

पती म्हणाले, "मंग बोर्ड पास नाही झाला." रुपराव म्हणाले, "तसं समजा." पती म्हणाले, "नेतो मंग, दुरुस्त करतो." रुपराव म्हणाले, "आज नका नेऊ जी. आजच्या दिवस राहू द्या." हे शब्द माझ्यासमोर झाले आहेत. आज नको म्हणाले, नेऊ नका असे म्हणाले नाहीत. सणाच्या दिवशी कोणाच्या दुकानाचे कपाळ उघडे करू नये, म्हणून पती त्या दिवशी थांबले.

घरी जाताना मीच बोलत होते. मी म्हणाले की, बापूजीचे नाव हातभर अक्षरांत लिहिलेला हात चालला, संत्रा काढलेला हात चालला, त्याच हाताने लिहिलेले बोटभर नाव चालले नाही. मला राग आला होता. आजही आहे. आम्ही दीक्षा घेतली त्याला सतरा वर्षे होत आली. त्या दिवशी मी आईचा हात धरून गर्दीत उभी होते आणि आता हे सगळे संपले, असे आईने मला सांगितले होते. रागाची गोष्ट जबाबात लागत नाही, असे हवालदारसाहेब म्हणतात. माझे म्हणणे, ती लिहावी.

काल, म्हणजे पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दुकान उघडायच्या सुमारास पती शिडी घेऊन गेले. चांगले ऊन पडले होते. रस्त्यावर लोक होते. आनंदरावांनी पुन्हा शिडी धरली. चोरी करणारा माणूस शेजाऱ्याला शिडी धरायला लावत नाही. बोर्ड उतरवून सायकल रिक्षात घालून घरी आणला. मी तेव्हा घरीच होते. पतीने टरपेंटाईनने कोपरा पुसायला घेतला. वरचा पिवळा ओला होता आणि आमचे नावही पुरते वाळलेले नव्हते. त्यामुळे दोन्ही एकदमच निघाले. पतीने फडक्याकडे पाहिले. त्यात पिवळ्याबरोबर नावाचा निळाही होता. मग त्यांनी ओघळ साफ केला, जमीन पुन्हा धरली आणि ती वाळण्याची वाट पाहत बसले. बारीक ब्रश आणि निळा रंग बाजूला काढून ठेवला होता. नाव टाकायच्या आत पोलीस आले. पती व बोर्ड दोघांनाही घेऊन गेले.

बोर्ड सध्या ठाण्याच्या आतल्या भिंतीला टेकवून ठेवला आहे. संत्रा उलटा आहे. तो कृपया सरळ ठेवावा, वरच्या कडेचा रंग घासतो.

आज सकाळी ठाण्याच्या दाराशी मला रुपराव भेटले. रात्रभर झोपले नसावेत, असे तोंड होते. मला म्हणाले, "वयनी, माह्या मनात काही नाही, तुमाले माहीत आहे. मी तुमच्या घरचा चहा पेलो. फिर्याद काकाजींनं द्याले लावली. आपण असं करू, नाव मागच्या बाजूनं टाका. मी स्वतः टाकाले सांगतो. मागून कोणाले दिसत नाही." इतक्या खेपांत त्यांनी सुचवलेला हा शेवटचा बदल. मी त्यांना म्हटले, "रुपरावजी, संत्राही मंग मागच्याच बाजूनं काढला असता." त्यांच्या हातात पिशवी होती, तीत संत्री होती. ती मी घेतली नाही. आत्ताच खाऊन आले, असे त्यांना सांगितले.

रुपराव माणूस वाईट आहे काय, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. वाईट असता तर सोपे गेले असते. ज्याला संत्र्याच्या सालीवरचे बारीक ठिपके दिसतात, त्याला हे दिसले नसेल, असे मी मानत नाही. दिसले आणि तो गप्प बसला. माझी समजूत चुकली ती चहावरून. चहा घेतो म्हणजे सगळे घेतो, असे मी धरून चालले.

त्यांच्याविरुद्ध वेगळी तक्रार द्यायची आहे काय, तसा कायदा आहे, असे हवालदारसाहेबांनी विचारले. त्यावर सांगते की, कायदा आहे हे मला माहीत आहे. पण आज ते आमचे गिऱ्हाईक आहेत आणि त्यांचे काम पुरे व्हायचे आहे. ते पुरे झाल्यावर विचार करीन.

बापूजी घाटोळे यांचे म्हणणे असे कळवण्यात आले की, बोर्ड आहे तसा, कोपरा कोरा ठेवून दुकानावर चढवून दिल्यास फिर्याद पुढे चालवणार नाहीत आणि पतीला आजच घरी जाता येईल. नाही दिल्यास चोरीचा गुन्हा कायम राहील. यावर विचार करायला मला वेळ देण्यात आला. मी पतीला गजाआडून भेटले. पेंटरचे कसे असते, एकदा चोर म्हणून नाव झाले की उद्या कोण दुकानाला शिडी लावू देईल, हे मला कळते. घर त्याच्यावर चालते हेही कळते. मी त्यांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "तू काय सांगतलं?" मी म्हणाले, "अजून काही नाही सांगतलं. पण मन नाही म्हणते." ते म्हणाले, "मंग मले काहून इचारून राहिली?" आणि बारीक ब्रश टरपेंटाईनमध्ये ठेवला आहे का, ते विचारले. ठेवला आहे, असे मी सांगितले.

म्हणून माझे उत्तर असे की, बोर्ड द्यायला आम्ही आजही तयार आहोत. आम्हाला तो घरात ठेवून काय करायचे आहे, आम्ही बर्फी विकत नाही. रुपरावांच्या दुकानावर चढवू, खालून पाहा म्हणू आणि नाव टाकून देऊ. त्यानंतर त्यांनी तो ठेवावा, विकावा की विहिरीत टाकावा. कोरा देणार नाही. आमचे नाव ज्या बोर्डावर चालत नाही, तो बोर्ड अजून आमचाच आहे आणि आपलीच वस्तू घरी आणली, याला चोरी म्हणत नाहीत.

पुरावा काय, असे विचारल्यावरून सांगते की, या ठाण्याच्या दारावर जो निळा बोर्ड आहे तो माझ्या पतीने रंगवला आहे. तेव्हाच्या साहेबांनी अक्षरे दोनदा बदलून घेतली होती. दोन्ही वेळा बोर्ड उतरवून आमच्या घरी नेला होता आणि पहाऱ्यावरच्या शिपायाने रिक्षात चढवायला हात दिला होता. नंतर साहेबांनी पास केला आणि पतीने नाव टाकले. उजव्या कोपऱ्यात आजही आहे. तेव्हापासून बोर्ड ठाण्याचा. त्या नावाखालून चोर, साव, फिर्यादी सगळे आत येतात. काल बापूजीही त्याच्याखालूनच आत आले असतील.

हे सांगितल्यावर हवालदारसाहेब लिहिणे थांबवून बाहेर गेले. परत येऊन बसले. इतका वेळ मला "ए बाई" म्हणत होते. आता "सोमकुवरबाई, पुढं सांगा," असे म्हणाले. पुढे सांगण्यासारखे काही राहिलेले नाही.

जबाब वाचून दाखवतो म्हणाले, तेव्हा मी तो मागून घेऊन स्वतः वाचला. दोन दुरुस्त्या सांगितल्या. पहिली, वर माझा धंदा न विचारताच 'घरकाम' लिहिला आहे, तो खोडून 'बोर्ड रंगवण्याचे दुकान' असा लिहावा. दुसरी, कालच्या पंचनाम्यात 'एक बोर्ड, संत्र्याचे चित्र असलेला, रंगवणारा अज्ञात' असे लिहिले आहे. रंगवणारा याच ठाण्यात बसलेला आहे. तिथे 'देवराव सोमकुवर' असे लिहावे. हवालदारसाहेबांनी दोन्ही दुरुस्त्या माझ्यासमोर समासात केल्या. अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली होती, ती बाजूला सारून मी पेन मागून घेतले.

बाकी मजकूर मी बोलले तसाच आहे. आता यात कोणाला काही बदलायचे राहिलेले नाही, म्हणून खाली उजव्या कोपऱ्यात नाव टाकत आहे.

प्रेमिला देवराव सोमकुवर
इंदोरा